कालबद्ध आधारसामग्रीची देवघेव : भातसा जलाशयाच्या नोंदींचे उदाहरण

शहापूर तालुक्यात भातसा नदीवर जे मोठे धरण आहे, त्याच्या निकट भातसानगर ही वसाहत आहे. भातसा पुढे काळू नदीस मिळते, मुरबाड तालुक्यातून येणारी काळू तिला घेऊन उल्हास नदीस मिळते, आणि अशा रीतीने सह्याद्रीच्या या उतारावरचे पाणी खाडीकडे जाते. परंतु त्यातील फार मोठा भाग खाडीपर्यंत पोचत नाही. भिवंडी तालुक्यातील पिसे येथे तो उचलला जातो, पांजरापूर येथे शुद्ध होतो व मुंबई शहरास पुरविला जातो. मुंबईस पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकंदर १४,४७,३६३ दशलक्ष लिटर उपयुक्त साठ्यापैकी एकट्या भातशाचा वाटा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा आहे. असे असल्यामुळे या एका जलाशयाची नोंद एकाच ठिकाणी होत नाही. धरण राज्याच्या जलसंपदा विभागाचे. त्याची पातळी, साठा व विसर्ग हा विभाग नोंदवितो. मुंबई महानगरपालिका आपल्या तलावांचा तक्ता रोज सकाळी सहा वाजताच्या स्थितीप्रमाणे तयार करते. पावसाचे आकडे भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या व राज्याच्या स्वतंत्र पर्जन्यमापकांवरून येतात. भूकंपलेखकांच्या नोंदी निराळ्या, आणि उन्हाळ्यात तालुक्यातील गावापाड्यांना टँकरने दिलेल्या पाण्याच्या नोंदी त्याहून निराळ्या.

यांपैकी प्रत्येक नोंदवही आज संगणकातील आधारसामग्री-संचयाच्या, म्हणजे बोलीभाषेतील डेटाबेसच्या, रूपात आहे किंवा त्या मार्गावर आहे. एका संचयातील आकडे दुसऱ्यात नेणे हे काम वरकरणी कारकुनी वाटते. तारीख, वेळ आणि आकडा असे तीन रकाने येथून उचलावयाचे व तेथे ठेवावयाचे, यात कठीण ते काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. अनुभव मात्र असा की, अशा देवघेवीत आकडा बहुधा सुरक्षित पोचतो. वाटेत हरवतो तो वेळेचा अर्थ. आणि तो हरविल्याचे लक्षण कोठेही दिसत नाही, कारण रकाना रिकामा राहत नाही. त्यात एक व्यवस्थित दिसणारी तारीख असतेच.

कालानुसार बदलणाऱ्या राशीच्या क्रमवार नोंदींस कालश्रेणी म्हणतात. श्रेणीतील प्रत्येक आकड्यास जी वेळ जोडलेली असते तिला कालमुद्रा म्हणता येईल. ही मुद्रा सर्वत्र एकाच प्रकारची असते, हा पहिला गैरसमज होय. जलाशयाची पातळी सकाळी सहा वाजता १३०.५० मीटर होती, असे म्हटले म्हणजे ती वेळ एका क्षणाची आहे. पाच वाजून एकोणसाठ मिनिटांविषयी त्या आकड्याचे काही म्हणणे नाही. पाऊस ८० मिलिमीटर झाला, असे म्हटले म्हणजे ती एका कालखंडाची बेरीज आहे, व तो खंड कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे कळल्याशिवाय आकड्यास अर्थ नाही. सांडव्याचा विसर्ग तिसऱ्याच जातीचा आहे. दरवाजे एका स्थितीत ठेवले की, पातळीतील फरकामुळे होणारा लहान बदल सोडल्यास, पुढील बदलापर्यंत तोच विसर्ग चालू राहतो. येथे कालमुद्रा ही बदलाची वेळ असते, मोजणीची नव्हे.

या तीन जाती एकमेकींत मिसळल्या असता काय होते हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. समजा, पहाटे चार वाजता दरवाजे बंद होते व विसर्ग शून्य नोंदला गेला. पुढील नोंद सकाळी दहा वाजताची, त्या वेळी दरवाजे उघडून सेकंदास २०० घनमीटर विसर्ग सुरू झाला. धरणावरील माणसास याचा अर्थ स्वच्छ आहे : दहा वाजेपर्यंत एक थेंबही सोडलेला नाही. परंतु हे दोन आकडे ज्या संचयात गेले तेथील रीत जर अशी असेल की, दोन नोंदींमधील मूल्ये सरळ रेषेने जोडावीत, तर त्या संचयाच्या मते सात वाजता १०० घनमीटर विसर्ग चालू होता, आणि सहा तासांत सरासरी १०० घनमीटर याप्रमाणे २१ लाख ६० हजार घनमीटर पाणी धरणातून निघून गेले. हे २,१६० दशलक्ष लिटर झाले. मुंबईस रोज पुरविले जाणारे पाणी चार हजार दशलक्ष लिटरांच्या आसपास असते हे लक्षात घेता, शहराच्या अर्ध्याहून अधिक दिवसाचे पाणी केवळ दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेतून वाहून गेले म्हणावयाचे. दोन्ही मूळ आकडे मात्र अचूक होते.

पावसाच्या बाबतीत हा घोटाळा अधिक सूक्ष्म आहे व त्याचे स्पष्टीकरण थोडे विस्ताराने करणे आवश्यक आहे. हवामानशास्त्र विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ वाजता संपतो. त्या वेळी पर्जन्यमापकात गेल्या चोवीस तासांचा जो पाऊस सापडतो तो मोजणीच्या तारखेस मांडला जातो. याचे सर्वश्रुत उदाहरण २००५ सालचे आहे. मुंबईत ज्या महापुराला लोक '२६ जुलै' या नावानेच ओळखतात, त्या दिवशीचा सांताक्रूझ येथील ९४४ मिलिमीटर पाऊस हा २७ जुलै रोजी सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या चोवीस तासांचा आहे. पाऊस पडला तो मुख्यतः २६ तारखेच्या दुपारनंतर. नोंद आहे ती २७ तारखेची. लोकस्मृती आणि नोंदवही या दोहोंपैकी चूक कोणाचीच नाही. दिवसास नाव देण्याची त्यांची रीत तेवढी वेगळी आहे. (त्याच चोवीस तासांत कुलाबा येथे पाऊण शतक मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता, तेव्हा स्थळाची नोंदही काळाच्या नोंदीइतकीच काटेकोर हवी, हे ओघाने आलेच.)

आता हीच रीत भातशाच्या पाणलोटास लावून पाहावी. समजा, २० जुलैच्या रात्री दहापासून २१ जुलैच्या पहाटे तीनपर्यंत मुसळधार पाऊस झाला. जलाशयाची पातळी रात्रीतून वाढली व महानगरपालिकेच्या २१ जुलैच्या सहा वाजताच्या तक्त्यात ती वाढ दिसली. पाऊसही २१ जुलै या तारखेखाली नोंदला गेला. येथपर्यंत दोन्ही जुळतात. परंतु एखाद्या संचयात जर '२१ जुलै' याचा अर्थ त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून पुढील मध्यरात्रीपर्यंतचे चोवीस तास असा घेतला, आणि बेरजेचा आकडा त्या चोवीस तासांवर समान वाटून टाकला, तर पावसाचा मोठा भाग सहा वाजल्यानंतर पडल्याचे दिसू लागते. मग पाणी आधी चढले आणि पाऊस मागाहून पडला, असे विपरीत चित्र उभे राहते. या आकड्यांवरून पाऊस व आवक यांचा संबंध बसविणाऱ्यास एक तर तो संबंधच सापडणार नाही, किंवा सापडलाच तर पाणलोटात पडलेले पाणी जलाशयात येण्यास किती वेळ लागतो याविषयी तो भलताच निष्कर्ष काढील. धरणाचे दरवाजे केव्हा उघडावयाचे, किती उघडावयाचे, आणि शहापूर परिसरातील नदीकाठच्या गावांना व खालच्या पुलांवरून ये-जा करणाऱ्यांना किती वेळ आधी इशारा द्यावयाचा, हे या कालावधीच्या अंदाजावर अवलंबून असते. तेव्हा काही तासांची ही घसर केवळ तात्त्विक राहत नाही.

स्वयंचलित पर्जन्यमापक आल्याने ही अडचण दूर होईल असे वाटण्याजोगे आहे, कारण ते दर पंधरा मिनिटांची वा तासाची नोंद करू शकतात. पण त्यांच्याबरोबर दुसरा प्रश्न येतो, तो घड्याळाचा. पुष्कळ यंत्रे आपली कालमुद्रा जागतिक समन्वित वेळेत, म्हणजे यूटीसीत, देतात. माणसांच्या वह्या भारतीय प्रमाणवेळेत असतात. या दोहोंत साडेपाच तासांचे अंतर आहे. साडेआठ ही हवामानशास्त्रज्ञांची वेळ यूटीसीच्या तीन वाजण्याशी जुळते. पण यूटीसीचा मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचपासून पहाटे साडेपाचपर्यंत धावतो. यंत्राच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या आकड्यांची 'दैनिक' बेरीज जर यंत्राच्याच दिवसाप्रमाणे केली, तर ती हातवहीतील दैनिक आकड्याशी कधीच जुळणार नाही. ती न जुळल्यामुळे यंत्र बिघडले असा निष्कर्ष निघण्याचा संभव अधिक.

घड्याळांचा हा प्रश्न यंत्रयुगाने निर्माण केलेला नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली, पण मुंबई शहराने आपली स्थानिक वेळ पुढे अनेक वर्षे सोडली नाही. महानगरपालिकेच्या व्यवहारात ती दीर्घकाळ टिकली. ही मुंबई वेळ ग्रिनिचच्या पुढे चार तास एक्कावन मिनिटे, म्हणजे प्रमाणवेळेच्या मागे एकोणचाळीस मिनिटे होती. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळी, १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत, देशातील प्रमाणवेळ एक तास पुढे नेलेली होती. शहापूर तालुक्यातीलच तानसा तलाव १८९२ पासूनचा आहे. अशा जुन्या तलावांच्या नोंदी आजच्या संचयात घालावयाच्या झाल्यास 'सकाळी सात' म्हणजे कोणत्या घड्याळाचे सात, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. दैनिक पातळीच्या बाबतीत एकोणचाळीस मिनिटांनी फारसे बिघडत नाही. मोठ्या पुराच्या चढत्या घटकेत मात्र तेवढ्यात बरेच काही घडून जाते.

भातशाच्या इतिहासातच एक प्रसंग असा आहे की, ज्यात दोन अगदी भिन्न शास्त्रांच्या नोंदी एकत्र आणाव्या लागल्या. जलाशयात पाणी साठविण्यास १९७७ मध्ये आरंभ झाला. १९८३ च्या मे महिन्यापासून या परिसरात, विशेषतः खर्डीच्या बाजूस, भूकंपाचे धक्के बसू लागले. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांची संख्या वाढली, व १५ सप्टेंबर १९८३ रोजी त्या मालिकेतील सर्वांत मोठा धक्का बसला. त्याची तीव्रता पाचाच्या जवळ, परंतु पाचाच्या आत होती. कोयनेचा १९६७ चा अनुभव ताजा असल्याने जलाशय व भूकंप यांच्या संबंधाचा प्रश्न येथेही उभा राहिला, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास करून १९८६ मध्ये तो प्रसिद्ध केला. अशा अभ्यासाचे मर्म दोन कालश्रेणी शेजारी मांडण्यात असते : एक जलाशयाच्या पातळीची, दुसरी धक्क्यांची. पातळी चढल्यानंतर किती दिवसांनी धक्के वाढले, चढण्याचा वेग महत्त्वाचा की उंची, हे त्यावरून ताडावयाचे. भूकंपशास्त्रात जागतिक वेळ वापरण्याची प्रथा आहे. धरणावरील वही प्रमाणवेळेची. आपल्याकडे १५ तारखेच्या पहाटे अडीच वाजता बसलेला एखादा धक्का जागतिक वेळेप्रमाणे १४ तारखेच्या रात्री नऊचा ठरतो. आठवड्यांचा हिशेब करताना हा फरक पोटात जातो. पण 'त्या दिवशी पातळी किती होती' असा प्रश्न विचारून दोन तक्ते केवळ तारखेवरून जोडले, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचा प्रत्येक धक्का आदल्या दिवसाच्या पातळीशी बांधला जाईल. पावसाळ्यात पातळी दिवसाकाठी झपाट्याने चढते, हे येथे विसरून चालत नाही.

तारखेच्या लेखनाचा घोटाळा त्यामानाने बाळबोध आहे, तरी तो थांबलेला नाही. ०७/०८ म्हणजे आपल्याकडे सात ऑगस्ट. अमेरिकी रीतीने आठ जुलै. दोन्ही तारखा भर पावसाळ्यातल्या असल्यामुळे आकडा पाहून शंका येत नाही. महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढे यंत्र अडते, कारण तेरावा महिना नसतो. त्याआधीचे बारा दिवस ते निमूटपणे उलटसुलट करून टाकते. यावर उपाय म्हणून वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिण्याचे 'आयएसओ ८६०१' हे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८८ मध्ये निघाले, व त्यात वेळेपुढे जागतिक वेळेपासूनचे अंतरही लिहिण्याची सोय आहे. कार्यालयीन पसंतीचे तक्त्याचे साधन एक्सेल हे तारीख म्हणजे ठराविक दिवसापासूनची मोजणी समजते, आणि त्याच्या एका पद्धतीत १९०० साली २९ फेब्रुवारी होता असे गृहीत धरलेले आहे. तो दिवस पंचांगात कधीच उगवला नाही. दुसरी पद्धत १९०४ पासून मोजते, आणि दोहोंत १,४६२ दिवसांचे अंतर पडते. 'वर्ष' हा शब्दही असाच निसरडा आहे. पावसाची बेरीज १ जूनपासून धरतात, राज्याचे सिंचन वर्ष १ जुलैपासून, आणि मुंबईच्या पाण्याचा वर्षाचा अंदाज १ ऑक्टोबरच्या साठ्यावरून बांधला जातो. नुसते '२०२३-२४' असे लिहिलेल्या रकान्यावरून यांपैकी कोणते वर्ष अभिप्रेत आहे हे कळत नाही.

येथपर्यंतचा विचार एका काळाचा झाला : घटना केव्हा घडली. परंतु प्रत्येक नोंदीस आणखी एक काळ असतो, तो म्हणजे ती घटना संचयास केव्हा कळली. पहिल्यास घटनाकाल व दुसऱ्यास नोंदकाल म्हणावे. स्नॉडग्रास व आह्न या अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये हा भेद संगणकशास्त्रात स्पष्टपणे मांडला, आणि एसक्यूएल या प्रश्नभाषेच्या २०११ च्या प्रमाणात दोन्ही काळ सांभाळण्याची तरतूद आली. भेद दिसावयास विद्वज्जड असला तरी धरणावर त्याचा प्रत्यय पावलोपावली येतो. अतिवृष्टीत दूरध्वनी बंद पडतो, दुर्गम पर्जन्यमापकाचा आकडा दुसऱ्या दिवशी येतो. पातळीच्या एका वाचनात अंक उलटे लिहिले गेल्याचे आठवड्याने लक्षात येते व ते दुरुस्त केले जाते. दुरुस्ती करणे योग्यच होय; प्रश्न असा की, जुना आकडा पुसावयाचा की नाही.

तो पुसला तर पुढे केव्हातरी असा प्रसंग येतो की, त्या रात्री दरवाजे उघडण्यास उशीर झाला काय, याची चौकशी होते. चौकशी करणाऱ्यापुढे जो संचय असतो त्यात दुरुस्त झालेले, उशिरा आलेले, सर्व आकडे आपापल्या घटनाकाली शहाण्यासारखे बसलेले असतात. त्यावरून पाहता रात्री अकरा वाजताच सारे स्पष्ट होते असे वाटते. प्रत्यक्षात अकरा वाजता निर्णय घेणाऱ्या अभियंत्यापुढे त्यांतील निम्मे आकडे नव्हते. नोंदकाल सांभाळलेला नसेल तर त्याला आपली बाजू मांडता येणार नाही. आणि उलट, आकडे हाती असूनही ज्याने दुर्लक्ष केले असेल त्यास 'ते मागाहून आले' असे म्हणण्यास वाट मोकळी राहील. नदीकाठच्या माणसाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सारख्याच अन्यायाच्या आहेत. एका संचयातून दुसऱ्यात आकडे नेताना तर नोंदकाल बहुधा गळतोच, कारण घेणारा संचय आपल्याकडे आकडा आला ती वेळ लिहितो व मूळ वेळ टाकून देतो.

आकड्याचे मोजमाप ज्या मापाने झाले ते मापही काळानुसार बदलते, ही याहून कमी ध्यानात येणारी गोष्ट आहे. जलाशयात मोजली जाते ती पातळी. साठा हा तक्त्यावरून काढलेला असतो. गाळ साचून जलाशयाचा आकार बदलला की नवे सर्वेक्षण होते, नवा तक्ता येतो, आणि तीच पातळी निराळा साठा दाखवू लागते. म्हणून केवळ साठा पाठविणारा संचय अर्धवट माहिती पाठवितो. पातळी आणि कोणत्या तक्त्याने साठा काढला, हे दोन्ही हवे. टक्केवारीत तर हा प्रश्न उघड उभा राहतो. भातशाची पूर्ण पातळी १४२.०७ मीटर. त्या पातळीस राज्याच्या तक्त्यात उपयुक्त साठा ९४२.१० दशलक्ष घनमीटर धरलेला आहे, आणि महानगरपालिकेच्या तक्त्यात ७१७ दशलक्ष घनमीटरांच्या किंचित वर. एकच तलाव, एकच क्षण, आणि भाजक दोन. तलाव काठोकाठ भरला असता दोन्ही शंभर टक्के म्हणतात. जसजसा तो उतरतो तसतशा दोन्ही टक्केवाऱ्या एकमेकींपासून दूर जातात, कारण पाणी कोठवर 'उपयुक्त' मानावयाचे याविषयी दोघांच्या व्याख्या भिन्न आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात मुंबईसाठी भातसा व ऊर्ध्व वैतरणा येथील राखीव साठा राज्याने मंजूर केला होता; महानगरपालिकेच्या तक्त्यातील उपयुक्त साठ्यात न धरलेले पाणीच त्यायोगे शहरास मिळावयाचे होते. त्या वर्षी ३० मेपासून पाच टक्के व ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात लागू झाली आणि २९ जुलैस ती मागे घेण्यात आली. असे निर्णय ज्या टक्केवारीवर होतात तिची तुलना मागील वर्षांशी करताना आणखी एक सावधगिरी हवी : मध्य वैतरणेचे पाणी २०१४ पासून मिळू लागल्याने एकूण क्षमतेचा भाजकच वाढला. त्यापूर्वीचे पन्नास टक्के व नंतरचे पन्नास टक्के हे सारखे पाणी नव्हे.

रिकाम्या जागेचा उल्लेख येथेच करणे सोयीचे. पाऊस पडला नाही तर वहीत शून्य लिहितात. पाऊस मोजलाच गेला नाही तर रेघ ओढतात किंवा जागा मोकळी सोडतात. कागदावर हा भेद डोळ्यांस दिसतो. संचयात नेताना रेघेचे शून्य होणे अगदी सोपे असते. मोठ्या पावसातच पर्जन्यमापक वाहून जातो किंवा वाचक तेथवर पोचू शकत नाही, म्हणजे जे दिवस सर्वांत ओले तेच संचयात कोरडे ठरतात. काही ठिकाणी रेघेऐवजी -९९९ लिहिण्याची प्रथा आहे. ती न जाणणाऱ्या यंत्राने महिन्याची बेरीज केली असता ऋण पाऊस निघतो. ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण ती लपत नाही.

या सर्व अडचणींवर एकत्रित उपाय योजण्याचे प्रयत्न झालेले आहेत व त्यात महाराष्ट्राचा सहभाग आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात राज्याने भाग घेतला, नाशिक येथे जलविज्ञानाच्या आधारसामग्रीचे केंद्र उभे राहिले, आणि पर्जन्य, नदीप्रवाह व भूजल यांच्या नोंदी एकसारख्या साच्यात आणण्याचे काम झाले. २०१६ मध्ये राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला व राज्याराज्यांचे आकडे केंद्रीय जालावर एकत्र दिसू लागले. जागतिक पातळीवर 'वॉटर-एमएल २' हे पाण्याच्या कालश्रेणींच्या देवघेवीचे प्रमाण २०१२ मध्ये मान्य झाले. त्याचे वैशिष्ट्य असे की, दोन नोंदींमधील काळाविषयी आकडा काय सांगतो हे त्यात आकड्याबरोबरच लिहावे लागते : मूल्य सलग बदलणारे आहे, की मागील खंडाची बेरीज, की मागील खंडाची सरासरी, की पुढील खंडभर तेच राहणारे. वर सांगितलेल्या सांडव्याच्या उदाहरणात एवढा एक शब्द सोबत गेला असता तर २,१६० दशलक्ष लिटरांचे ते भुताटकीचे पाणी निर्माणच झाले नसते. प्रमाण जाणणारे यंत्र असले तरी तो शब्द योग्य निवडण्यास मोजणाऱ्याची गाठ पडावी लागते. साचा भरणारा दूरच्या शहरात बसून तो अंदाजाने भरील तर साच्याचा उपयोग नाही. अशा प्रमाणांचे गुणवर्णन करणाऱ्या लिखाणात ही गोष्ट सहसा येत नाही.

पाण्याचा आणि टंचाईचा हिशेब एकत्र मांडू इच्छिणाऱ्यास हा अनुभव शहापुरातच येतो. ज्या तालुक्यातून शहराचे निम्मे पाणी जाते त्याच तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. जलाशयाचा साठा रोजचा व सकाळच्या एका क्षणाचा. टँकरचा अहवाल आठवड्याचा व गावांच्या मोजणीचा. अहवालात ज्या दिवशी गाव प्रथम दिसते तो टंचाई सुरू झाल्याचा दिवस नसतो. त्याआधी मागणी, पाहणी व मंजुरी असे टप्पे झालेले असतात, आणि विहीर आटल्याची तारीख त्यांपैकी कोणत्याही तक्त्यात नसते. दोन आलेख एका कागदावर काढून 'धरणात इतके पाणी असताना टंचाई सुरू झाली' असे विधान करावयाचे असेल, तर घटनाकाल आणि नोंदकाल यांतील हे अंतर प्रथम भरून काढावे लागेल. ते मंजुरीच्या कागदांवरील तारखांतून काढता येण्याजोगे आहे. पण ते कागद ज्या संचयात आहेत तो धरणाच्या संचयाशी जोडलेला नाही.

धरण व पिसे यांच्या नोंदींतही शेवटी हाच पेच उरतो. धरणातून सोडलेले पाणी नळातून नव्हे, नदीच्या पात्रातून कित्येक मैल वाहत पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते. धरणाच्या वहीत ते सोडल्याच्या घटकेस खर्ची पडते, पिशाच्या वहीत उपशाच्या घटकेस जमा होते. विसर्ग स्थिर असेल तोवर दोन्ही बाजू दिवसाअखेर जुळतात. विसर्ग वाढविला किंवा कमी केला की त्या दिवशी तूट वा वाढ दिसते, व ती गळती, बाष्पीभवन, वाटेतला उपसा यांच्या खाती घालण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात त्यातील काही पाणी सकाळी सहा वाजता दोन्ही वह्यांच्या मध्ये, शहापूर आणि भिवंडीच्या दरम्यान, वाहत असते. ते मोजावयाचे तर विसर्ग बदलल्याची नेमकी वेळ भातसानगरहून पिशास आणि पातळी बदलल्याची नेमकी वेळ पिशाहून भातसानगरला, एकाच घड्याळाने, जावी लागेल.